बिनसाखरेचा शिरा

संपादकांचा फोन आला, "महाराज, दिवाळी अंकासाठी तुमच्या चार पाककृती द्या." मी देतो म्हटलं आणि वही घेऊन बसलो. बसल्यावर लक्षात आलं की माझी सगळ्यात लहान पाककृती शंभर माणसांच्या वरणाची आहे. त्याच्या खालचं मला जमत नाही. घरी दोन माणसांचा भात लावला तर तो कच्चा तरी राहतो, नाहीतर शेजाऱ्यांना पुरतो. तेव्हा चार पाककृतींऐवजी एकाच पाककृतीची गोष्ट सांगतो. ती फसली, पण माझ्या आयुष्यात तिच्याइतकं नाव दुसऱ्या कुठल्या पदार्थानं काढलं नाही.

आमच्या गोंदियाकडे आचाऱ्याला महाराज म्हणतात. बाहेरगावची माणसं 'दामू महाराज' ऐकून पाया पडतात. मी पडू देतो. पाय मागे घेऊन, मी फक्त भाजी करतो हो, असं सांगत बसण्यात दोघांचाही वेळ जातो. मी राहतो कुडव्याला. तरुणपणी सायकलवर आणि पुढे स्कूटरवर झारे-कढया बांधून सालेकशापासून तिरोड्यापर्यंत फिरलो. माझं काम देवाधर्माच्या स्वयंपाकाचं. भागवत सप्ताह, नवरात्र, शिवरात्रीचा फराळ, व्रताचं उद्यापन. कांदा नाही, लसूण नाही, आणि चातुर्मासात वांगंही नाही.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना खरी वाटत नाही. नैवेद्य दाखवेपर्यंत आम्ही काही चाखत नाही. पाचशे माणसांची कढी असो की हजार माणसांचा शिरा, जिभेवर थेंब ठेवायचा नाही. मीठ मुठीला कळतं. पाक दोन बोटांत धरून तार बघायची. शिऱ्याला तूप सुटलं की वासच वेगळा येतो. चाळीस वर्षांत मी दोनदा मीठ विसरलो आणि एकदा दोनदा घातलं. आणखी काही झालं असेल तर लोकांनी माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

पण नैवेद्य दाखवला की सारा उपाशीपणा भरून निघतो. यजमान द्रोण भरून आणतो, "महाराज, आधी तुमी घ्या." आचाऱ्यानं खाल्लं म्हणजे अन्न चांगलं, असा लोकांचा हिशेब. आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. यजमानाचा एक द्रोण, त्याच्या बायकोचा एक, कथा सांगणाऱ्या गुरुजींचा एक. सप्ताह सात दिवसांचा. महिन्यात तीन सप्ताह. मी देवाचं काम करतोय या भावनेनं खात गेलो.

आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मला तहान फार लागायला लागली. मी म्हटलं, भट्टीजवळचं काम आहे, लागणारच. सदरे ढिले झाले. लोक म्हणाले, महाराज, प्रकृती मस्त केली. मी म्हटलं, मेहनत आहे. मग एक दिवस माझी बायको शांता म्हणाली, "मोरीत मुंगळे कायले येऊन राहिले जी?"

"आचाऱ्याचं घर आहे," मी म्हटलं. "मुंगळे येतीलच."

"आचाऱ्याच्या घरात येत असतील. मोरीत काऊन?"

तिनं मला जवळजवळ धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला थेट. त्यांनी रक्त घेतलं. साखर तीनशे चाळीस निघाली. मला वाटलं, इतकी चांगली की वाईट, ते तरी सांगतील. त्यांनी विचारलं, "दिवसभर काय खाता?"

"काही नाही. चाखायचंच नसतं आमच्यात."

"आणि नंतर?"

"नंतर थोडा प्रसाद."

"थोडा म्हणजे किती?"

मी हातानं दाखवलं. पंगतीला दाखवायची सवय असल्यामुळे हात जरा मोठे झाले असावेत. बाईंनी चष्मा काढून पुसला. "महाराज," त्या म्हणाल्या, "तुम्ही आजारी पडायची नोकरी करता."

त्यांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं, आणि बोटाला टोचून साखर सांगणारं छोटं यंत्र घ्यायला लावलं. घरी येईपर्यंत मी निम्मा डॉक्टर झालो होतो. मी विचार केला, आपल्या धर्मात उपवास आहेतच की. एकादशी, सोमवार, चतुर्थी. खाल्लंच नाही तर साखर येईल कुठून? एकादशीला मी निष्ठेनं उपास धरला, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, उकडलेलं रताळं, बटाट्याची भाजी आणि आपल्याच बोडीतल्या, म्हणजे तळ्यातल्या, शिंगाड्यांच्या पिठाचा हलवा. संध्याकाळी बोट टोचलं. यंत्रानं असा आकडा दाखवला की मी ते उलटं करून पाहिलं.

"यंत्र बिघडलं," मी शांताला म्हटलं.

"यंत्राले काऊन दोष देता?" ती म्हणाली. "त्यानं का साबुदाना खाल्ला?"

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. निर्जला एकादशी धरली. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. गोळी मात्र वेळेवर घेतली, तीही कोरडीच, कारण गोळी अन्नात मोडत नाही असा माझा निवाडा होता. दुपारी एका घरी दुसऱ्या दिवशीच्या उद्यापनाची बुंदी पाडत होतो. हात थरथरायला लागले, घामानं सदरा भिजला, झारा दिसेना. एका आजीला वाटलं माझ्या अंगात आलं. तिनं कुंकू लावलं आणि तिच्या नातवाला नोकरी कधी लागेल ते विचारलं. मी काय सांगितलं ते आठवत नाही, पण पुढे त्या मुलाला नोकरी लागली. शांता सोबत कामाला होती म्हणून वाचलो. तिनं साखरेचं पाणी माझ्या तोंडाला लावलं. मी म्हटलं व्रत मोडेल. ती म्हणाली, "तुमी मेल्यावर कोन पाळनार हाय व्रत?"

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी मला उभं करून झापलं. "उपास करायचा असेल तर आधी मला सांगा. कोणत्या दिवशी कोणती गोळी घ्यायची ते मी ठरवीन. तुम्ही तुमची कढई सांभाळा."

कढईच सांभाळायला गेलो आणि खरा घोळ तिथेच झाला.

पूजेच्या प्रसादाच्या शिऱ्याचं माप सव्वाचं असतं. सव्वा किलो रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, वर दूध आणि केळी. या मापाला कोणी हात लावत नाही. मी लावला. साखर काढली आणि गूळ घातला. साखर कारखान्यातली, गूळ शेतातला, म्हणजे औषधीच, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. पण गुळाची गोडी साखरेपेक्षा कमी उतरते. प्रसाद अगोड कसा द्यायचा? म्हणून गूळ दीडपट केला. रंग काळपट आला म्हणून खजूर वाटून घातला, आता तो रंग खजुराचा दिसला. केळी एकाची दोन केली. आणि नाव ठेवलं बिनसाखरेचा शिरा.

आज लिहितानाही कान गरम होतात. पण तेव्हा काय मान मिळाला म्हणून सांगू. दर पंगतीत आठ-दहा शुगरवाले असायचेच, प्रसाद समोर आला की कपाळाला लावून शेजारच्याला देणारे. मी पंगतीतून ओरडत जायचो, "शुगरवाल्यांनी बिनधास्त घ्या, साखरेचा कण नाही!" बिचारे दोन-दोन द्रोण घ्यायचे. एक म्हातारा तर रडला. सहा वर्षांनी शिरा खाल्ला म्हणाला. गोंदियातल्या बाजारातून शेठलोकांचे फोन यायला लागले, "महाराज, वो शुगरवाला शिरा चाहिए अपने को." मी तारखा द्यायला लागलो.

आणि माझी स्वतःची साखर? ती मी रोज सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी मोजत होतो. प्रसाद दुपारी. सकाळचा आकडा तसा सभ्य यायचा, तोच मी लोकांना सांगायचो. दुपारी मोजून पाहावं असं एकदाही मनात आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आलं होतं. मी यंत्र पेटीत ठेवून दिलं.

माझी मोठी बहीण कौसाबाई. मी तिला बाई म्हणतो. तिरोड्याहून बोदलकशाला जायच्या वाटेवरच्या एका गावात तिला दिलेली. भाऊजींची धानाची शेती. आमची आई लवकर गेली, मला बाईनंच वाढवलं. पाटा-वरवंट्यावर डाळ कशी वाटायची ते मी तिच्या मांडीला टेकून शिकलो. बाईला साखर माझ्याही आधीपासून होती आणि उपास माझ्या दुप्पट. पण पथ्याला कडक. गोड वर्ज्य म्हणजे वर्ज्य. घरच्या लग्नातही तिनं माझ्या हातचं जिलबीचं वेटोळंही मोडलं नव्हतं.

तिच्या गावात चैत्रात सप्ताह असायचा. त्या वर्षी रसोई माझ्याकडे होती. पहिल्याच दिवशी मी तिच्या पानात शिरा वाढला. तिनं हात आडवा धरला.

"नोको दामू. मले चालत नाही."

"बाई, हा चालते. गुळाचा हाय. मी सोता खातो."

"खरं?"

"तुले खोटं सांगीन का?"

तिनं खाल्ला. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. सातही दिवस ती खात होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "साखरच नाही पोटात, त गोळी कायले घेऊन राहिली मी?" मी तेव्हा पाचशे पुऱ्यांच्या गडबडीत होतो. "तुझं तू पाहा," असं काहीतरी म्हणालो. तिनं पाहिलं. गोळ्या बंद केल्या आणि सप्ताह संपल्यावरही सुरू केल्या नाहीत, कारण मी तिला पाच किलो बिनसाखरेचे लाडू करून देऊन आलो होतो.

सप्ताहात ती रोज अनवाणी प्रदक्षिणा घालायची. चैत्रातलं ऊन, देवळाभोवती फरशी. साखरेनं पाय बधिर होतात हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मी ते ऐकलंही होतं, पण माझ्या डोक्यात तेव्हा शिऱ्याशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं. उजव्या पायाच्या बोटांखाली फोड आला. तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं हळद लावली. महिनाभरानं भाऊजींचा फोन आला, "दामू, बाईच्या पायाचा वास येऊन राहिला."

मी तिला गोंदियाला आणलं. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, साखर पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. काय खात होती, ते मीच सांगितलं. गूळ, खजूर, केळी, सगळं माप. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "महाराज, गूळ म्हणजे साखरच. तुम्ही तिला दीडपट साखर दिली." मग त्यांनी माझीही तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करायला लावली. ही तपासणी मोठी चुगलखोर, सकाळ-दुपार काही मानत नाही, सगळ्या द्रोणांचा हिशेब सांगते. तिनं माझी पुरती लाज काढली.

बाईचा पाय वाचेल का, हे आठ दिवस कोणी सांगत नव्हतं. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहायचो. शेवटी दोन बोटं काढावी लागली, अंगठा आणि त्याच्या बाजूचं, ज्यात जोडवं असतं. नर्सनं ते जोडवं कापून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी आयुष्यभर गरम कढया उचलल्या, पण तो कागद हातात धरवेना.

बाई मला एका शब्दानं बोलली नाही. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "तू जेवलास का?"

त्यानंतर मी इमानदारीनं शिकलो. भात वाटीनं मोजून घ्यायचा, वरण घट्ट, पालेभाजी भरपूर. उपासाला साबुदाण्याऐवजी ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे, भगर थोडीशी, आणि गोळीचं डॉक्टरांना विचारून. देवधर्मात मधुमेह सांभाळता येतो. अडचण देवाची नव्हतीच. मी गुरुजींना विचारलं होतं, प्रसाद किती द्यायचा असतो? ते म्हणाले, "कणभर. द्रोणभर तुम्ही लोकांनी केला." बाईलाही मी हेच शिकवलं. तिला जेवणाआधी घ्यायच्या इन्सुलिनच्या सुया लागल्या होत्या. सुई टोचायला मी आणि भाऊजी दोघंही शिकलो. तिचा हात थरथरायचा.

बिनसाखरेचा शिरा मी बंद केला. पण का बंद केला ते कोणाला सांगितलं नाही. फोन आला की म्हणायचो, चांगला गूळ मिळत नाही. आचाऱ्याचं सगळं नावावर चालतं. नाव गेलं की झारा कोणी हातात देत नाही, ही भीती होती. दुसऱ्या वर्षी त्याच गावचा सप्ताह आला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "महाराज, तुमचा तो शिरा पाहिजे बरं. आता गावातले सारे शुगरवाले तोच मागून राहिले. घरी बी करतेत तुमच्या मापानं." माझ्या मापानं, हे ऐकल्यावर मी येतो म्हटलं आणि फोन ठेवला.

गेलो. शेवटच्या दिवशी साधा शिरा केला, थोडा, कणभर वाटण्यापुरता. पानं मांडली, माणसं बसली. नैवेद्य झाला होता, जेवायला सुरुवात व्हायची होती. मी मीठ वाढत बायकांच्या पंगतीतून चाललो होतो. बाई खांबाला टेकून बसली होती, पायात ते जाड बूट, मंडळानं तिला देवळात घालायची परवानगी दिली होती. शेजारी बसलेल्या एकीनं विचारलं, "कौसाबाई, पायाले काय झालं वो?"

"इळा लागला बापा," बाई म्हणाली. "धान कापता कापता."

मीठ माझ्या हातातच राहिलं. मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, वर्षभर हेच सांगून राहिली सर्वायले. विळा लागला.

मला सहन झालं नाही. मी गुरुजींच्या व्यासपीठावर चढलो आणि माईक घेतला. म्हटलं, मंडळी, मागच्या वर्षी मी तुम्हाला जो बिनसाखरेचा शिरा म्हणून खाऊ घातला तो खोटा होता. गूळ साखरच आहे. ज्यांना शुगर आहे त्यांनी घरी करू नका. माझ्या बहिणीच्या पायाची दोन बोटं त्या शिऱ्यानं गेली. विळ्यानं नाही. आज प्रसाद तुळशीच्या पानावर कणभर मिळेल.

अध्यक्ष तोंड फिरवून उभे राहिले. मागे शिरा खाऊन रडलेला तो म्हातारा याच गावचा, पुरुषांच्या पंगतीत होता, त्यानं मान खाली घातली. मला, खरं सांगतो, हलकं वाटत होतं. छाती जरा पुढेच काढून मी खाली उतरलो. एवढ्या लोकांसमोर चूक कबूल करणारा आचारी अजून झाला नसेल, असंही मनात येऊन गेलं.

बाई पंगतीतून उठली. लंगडत मागे रसोईच्या मांडवात आली. मी पण गेलो.

"कायले सांगतलास?" तिनं विचारलं.

"बाई, खोटं किती दिवस..."

"लोकं घरी करत होते, त शिऱ्याचं सांगायचं होतास. ते बराबर केलास. माझा पाय काऊन मांडलास सर्वायसमोर?" तिचा आवाज चढला नव्हता. "दोन बोटं माह्यी गेली. इळ्यानं गेली का शिऱ्यानं गेली, सांगायचं का नाही, मले इचारलास का?"

मी विचारलं नव्हतं. शिरा वाढतानाही तिला काय पाहिजे ते विचारलं नव्हतं, चालते म्हणून सांगितलं होतं. दोन्ही वेळेला मला वाटलं होतं की मी तिचं भलं करतोय, आणि दोन्ही वेळेला पंगत मलाच बघत होती.

"चुकलं बाई," मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं. दवाखान्यातसुद्धा म्हटलं नव्हतं.

ती तुपाच्या डब्यावर बसली. बाहेर जेवणाचा गजर झाला. तिनं पिशवीतून सुई काढून माझ्यासमोर धरली.

"दे," ती म्हणाली, "आन मग वाढ. भात मोजून."